शेपटीच्या वरच्या बाजूचा चुरा

लांजेवारभाऊंच्या टेबलाजवळ फुंकर मारायची नाही, हा नियम मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळला, आणि तोही चारचौघांत पाणउतारा होऊन. आमच्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागात स्टोअरची क्लार्क म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. नवी साडी, नवी पर्स आणि कामाचा नको तेवढा उत्साह. प्रयोगशाळेतल्या सामानाची यादी करायला गेले, तर एका टेबलावर पांढरट धूळ दिसली. मी वाकले आणि मारली जोरात फुंकर.

"ओ बाई! काहून फुंकता? तुमच्या बापाची धूळ आहे का ते?"

बापाचं नाव काढल्यावर मी कशाची ऐकते! धूळ कुणाच्या बापाची नसते, ती सरकारी असते, असं मी तिथल्या तिथे सुनावलं. सगळे हसले. लांजेवारभाऊ हसले नाहीत. ते फरशीवर उकिडवे बसले आणि मी उडवलेली धूळ कागदाच्या कडेने गोळा करायला लागले. चांगली दहा मिनिटं हे चाललं होतं, आणि मी पर्स छातीशी धरून बावळटासारखी उभी होते. मग ती धूळ त्यांनी एका छोट्या शिशीत भरली, शिशीला कागद चिकटवला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'फरशीवरून. बाईनं फुंकलेली.'

असे होते श्रावण लांजेवार. हुद्दा विचाराल तर प्रयोगशाळा परिचर, शिक्षण मॅट्रिक. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आले आणि गुढियारीत घर करून राहिले. मालधक्क्यावर मालगाडीच्या वाघिणींचे दणके ऐकत ते पोट्टं मोठं झालं, आणि कुणाच्या तरी ओळखीने कॉलेजात चिकटलं. काम होतं दगडातून हाडं मोकळी करायचं. आमचे प्रोफेसर लोक हिवाळ्यात नदीनाले धुंडाळायला जायचे. येताना गोणपाटात आणि प्लास्टरमध्ये गुंडाळलेले दगड आणायचे, भाऊंच्या टेबलावर ठेवायचे आणि मीटिंगला निघून जायचे. पुढचे सहा-आठ महिने भाऊ, सूक्ष्मदर्शक आणि तो दगड.

हत्यारं सगळी घरची. शिवणयंत्राच्या सुया, सायकलच्या चाकाच्या तारा घासून केलेल्या टोच्या, आणि मऊ भागासाठी बाभळीचे काटे. धूळ बाजूला सारायला रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा. काम असलं की सकाळपासून चहा नाही, कारण "चहा पेलो का हात हलते." तोंडावर पांढरा रुमाल बांधायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि बसायचं. मागून कुणी घाई केली तर मान न वळवता म्हणायचे, "घाई असन तर दुसऱ्याकडं जा." दुसरा होता कुठे? अख्ख्या विभागात तेवढ्यांचेच हात होते.

स्वच्छतेचं मात्र वेडच होतं त्यांना. स्वतःचा स्टीलचा गिलास तीनदा विसळायचे. घरी गेले की वहिनींनी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे, म्हणून वहिनी चिडायच्या. "साफ म्हणजे साफ" हे त्यांचं पालुपद. पण जे साफ करून निघालं ते फेकायचं नाही. दगडाचा जो चुरा निघे तो शिशीत भरायचा. शिश्या कुठल्या, तर समता कॉलोनीत त्यांच्या साडूचा होमिओपॅथीचा दवाखाना होता, तिथल्या गोळ्यांच्या रिकाम्या शिश्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, 'डावा पाय', 'बरगड्यांमधून', 'डोळ्याच्या खोबणीतून'. आमचे विभागप्रमुख तिवारी सर पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायचे, "हमारे लांजेवार अपनी धूल भी सँभाल के रखते हैं." पाहुणे हसायचे. भाऊ मुकाट्याने बूच लावत राहायचे.

माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसाचं भांडण मिटलं ते माझ्या मुलीमुळे. तिच्या टाचेत काच शिरली होती. डॉक्टरने दोनदा उकरलं, मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं, काच काही निघेना. आता चीर द्यावी लागेल म्हणाले. मी ऑफिसात हे सांगत रडत होते, तर भाऊ म्हणाले, "आना इकडं पोट्टीले." तिला टेबलावर बसवलं, टाच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, हातात शिवणयंत्राची सुई. तिला विचारलं, शाळेत कोनती कविता शिकून राहिली वं? ती कविता म्हणत होती. दुसरं कडवं संपायच्या आत काच बाहेर. तिला पत्तासुद्धा नाही. मी हात जोडले, तर म्हणाले, "मी काचेले हातच नाही लावला बाई. तिच्या भवतालचं मोकळं करत गेलो. मंग ते आपोआपच निघते." आणि ती काचही त्यांनी शिशीत टाकली. 'शैलाबाईंची मुलगी. डावी टाच.'

त्या दिवसापासून त्यांना कोणी काही बोललं की मी भांडायला उभी. म्हणून पुढचं सांगताना माझा मलाच संताप येतो.

जबलपूरकडच्या एका नाल्यातून तिवारी सरांनी तो दगड आणला तेव्हा त्यात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पोळपाटाएवढी शिळा, कडेला दोन बारीक हाडं दिसत होती. "कोई छिपकली-विपकली होगी, देख लेना," असं सर म्हणाले. भाऊंनी आठ महिने पाहिलं. आतून निघालं एक अख्खं जनावर, तित्तराएवढं. मान मागे वळलेली, पाय पोटाशी घेतलेले, बोटांची नखंसुद्धा जागच्या जागी. डायनासोर म्हटलं की आपल्याला डोंगराएवढी धूडं आठवतात. हा दोन तळहातांवर मावला असता. इतका लहान आणि इतका शाबूत इथे कुणी पाहिला नव्हता, असं सर म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. भाऊ त्याला 'पोट्टं' म्हणायचे. मी खोलीत चपला वाजवत गेले की म्हणायचे, "हळू बाई, पोट्टं झोपलं आहे."

शेपूट निघाली त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांदळाच्या कण्यांसारखे शेपटीचे मणके एकापुढे एक मांडलेले. बाई गं, काय सुरेख दिसत होतं ते! आणि शेपटीच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला तपकिरी डाग, चहा सांडून वाळल्यासारखा.

"हे काय हो भाऊ?"

"गंज. दगडात लोहाचं पानी झिरपते. निघते ते."

"मग काढून टाका. घाण दिसून राहिलं."

हे मी म्हणाले. माझ्या म्हणण्याने त्यांनी काढला असं नाही. आदल्याच दिवशी सर पाहून गेले होते आणि "साफ़ कर दो" म्हणून गेले होते. त्या काळी सगळेच काढायचे. पण मी म्हणाले हे खरं आहे, आणि ते कुठेतरी सांगायला पाहिजे.

चार दिवस भाऊ बाभळीच्या काट्याने शेपटीच्या वरच्या बाजूचा डाग काढत होते. एकेक पापुद्रा. हाडाला ओरखडा नाही, दगडाला खड्डा नाही. पाचव्या दिवशी मी पाहिलं तर वरची बाजू नुसती दुधासारखी. तेवढं साफ काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, असं ते स्वतः म्हणाले. आणि ते स्वतःबद्दल काही म्हणणाऱ्यांतले नव्हते.

खालची बाजू राहिली, कारण मध्ये तीजा, म्हणजे इकडची हरितालिका, आली. इथे राहून राहून आमच्या मराठी बायकाही तीजाला माहेरी जायला लागल्या आहेत. वहिनी गोंदियाला गेल्या होत्या, त्यांना आणायला भाऊ दोन दिवस रजेवर गेले. तेवढ्यात सरांना फोटोंची घाई सुटली आणि ते शिळा घेऊन गेले. नाहीतर खालची बाजूही तशीच लख्ख झाली असती.

फोटो मोठे करून पाहिले, तर खालच्या बाजूच्या त्या तपकिरी डागात बारीक बारीक रेघा. सगळ्या एका दिशेला झुकलेल्या. सर अक्षरशः धावत आले. हा गंज नाही, ही लव आहे, म्हणाले. पक्ष्याच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी मऊ लव, करोडो वर्षांपूर्वीच्या जनावराच्या शेपटीवर! पेढे वाटले. पेपरवाले आले. शिळा हातात धरलेल्या सरांचा फोटो छापून आला, त्यात कडेला भाऊंचं कोपर तेवढं दिसत होतं.

मी पेढा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. पेढा त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. चेहरा पार उतरलेला.

"बाई, खालच्या बाजूले लव आहे म्हनतात. मंग वरच्या बाजूले काय होतं?"

पेढा त्यांनी माझ्या हातात परत ठेवला. ते त्याच पावली सरांकडे गेले आणि वरच्या बाजूलाही तसाच डाग होता, मी काढला, असं सांगून टाकलं. सर खुशीत होते. "कोई बात नहीं, एक तरफ़ का काफ़ी है," म्हणाले. लेख छापला गेला. त्यात वरच्या बाजूबद्दल अक्षर नव्हतं.

त्यानंतर विभाग नवा रायपूरला हलवायचं फर्मान निघालं. आठ दिवसांत सगळं उचला. भाऊ तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. ट्रक किती येणार, कपाटं किती जाणार, कशाचा कशाला पत्ता नाही आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडे. जे नेण्यालायक नाही त्याची निर्लेखनाची यादी करा, असा हुकूम होता. मी केली. मोडक्या खुर्च्या, फुटके ट्रे, जुनी कॅलेंडरं. माझ्यासारखी यादी कुणी करत नाही, अशी माझी ख्याती होती. मला तिचा गर्व होता. आता डोंबलाचा गर्व.

नव्या इमारतीत पेट्या गेल्या त्या गोदामात एकावर एक पडून राहिल्या. भाऊ परत आले, पण तिथे त्यांना ना टेबल मिळालं ना दगड. वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी तिथेच रुमालाने पुसलं आणि खिशात ठेवलं.

मग वाद पेटला. दक्षिणेतल्या एका संस्थेत डॉ. नलिनी म्हणून होत्या, नावाजलेल्या. त्यांनी लिहिलं की ही लव नाहीच. लव असती तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना असायला हवी, हिच्या एकाच बाजूला डाग आहे, म्हणजे तो दगडातल्या भेगेतून झिरपलेला गंज आहे. झालं! सरांनी उत्तर दिलं, त्यांनी प्रत्युत्तर दिलं, परदेशातले लोक दोन्हीकडून उतरले. सर्वांचं बोट वरच्या बाजूवर. ती इतकी स्वच्छ कशी? आता सरांना भाऊंची आठवण झाली. त्यांनी लिहून कळवलं की वरच्या बाजूलाही डाग होता, साफ करणाऱ्याने काढला. पलीकडून उत्तर आलं, तुमच्याच हाताखालच्या माणसाची इतक्या वर्षांनंतरची आठवण हा पुरावा कसा धरायचा?

शेवटी डॉ. नलिनी स्वतः आल्या. शिळा पाहायला आणि भाऊंना भेटायला. मी गुढियारीहून भाऊंना रिक्षाने घेऊन आले. इस्त्रीचा सदरा, बूट पॉलिश केलेले. बोहल्यावर चढायचं असल्यासारखे ताठ बसले होते. नवा रायपूरचे ते रुंद रुंद रस्ते, माणूस नाही की काणूस नाही. वाटेत एकच बोलले, "बाई, मले इतकंच पाहिजे का त्या पोट्ट्याच्या अंगावर जे होतं ते होतं म्हनून लिहिलं जावं. माझं नाव नको."

व्हरांड्यात सरांनी त्यांना बाजूला घेतलं. मी दोन हातांवर होते, सगळं ऐकलं. "लांजेवार, बस इतना कह देना कि रेशे देखे थे. दाग़ मत कहना, रेशे कहना." रेशे म्हणजे लवेचे तंतू.

डॉ. नलिनी भल्या बाई होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. त्यांनी भाऊंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साध्या हिंदीत विचारलं, "आपने ऊपर की तरफ़ रेशे देखे थे, या सिर्फ़ दाग़?"

सर भाऊंकडे बघत होते. मीही बघत होते. मनात म्हणत होते, म्हणा हो भाऊ, रेशे म्हणा, कुणाचं काय जातंय! एक शब्द, आणि सगळं मार्गी लागलं असतं.

"दाग देखा था मॅडम."

"ध्यान से देखा था?"

"निकालने के लिए देखा था. क्या है, ये देखने के लिए नहीं देखा."

सरांनी कपाळाला हात लावला. डॉ. नलिनींनी खुर्ची भाऊंच्या जवळ ओढली. मग म्हणाल्या, "जो निकाला, उसमें से कुछ बचा है? नाख़ून जितनी पपड़ी भी चलेगी. उसमें रेशे मिल गए तो मैं ख़ुद लिखूँगी कि मैं ग़लत थी."

भाऊ ताडकन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या घाईने उठताना पाहिलं नव्हतं. "है! है ना मॅडम! शीशी में है. चार शीशी. पूँछ, ऊपर की बाजू. पपडी पूरी है, मैंने तोडी नहीं!" आणि माझ्याकडे वळून, लहान मुलासारखे, "बाई, सांगा ना तुम्ही! चुरा आहे ना आपला? होमिओपॅथीच्या शिश्या!"

मला माझी यादी दिसली, माझ्याच वळणदार अक्षरातली, घाईत चिठ्ठ्या न वाचताच लिहिलेली. 'रिकाम्या शिश्या, धूळ बसलेल्या, पेट्या तीन. निरुपयोगी.'

"हो," मी म्हणाले. "असतील गोदामात."

असतील म्हणाले मी! त्या क्षणी खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. जीभ रेटली नाही. नोकरीची भीती नव्हती, माझं पेन्शन ठरलेलं होतं. भीती होती ती त्यांच्या त्या चेहऱ्याची. डॉ. नलिनींनी परतीचं तिकीट तीन दिवस पुढे ढकललं, आणि ते तीन दिवस भाऊ गोदामात पेट्या उघडत होते. तोंडावर पांढरा रुमाल. ऑपरेशन झालेला डोळा लाल झालेला. आणि मी मेली त्यांच्याबरोबर पेट्या उघडत होते, जणू मलाही काही ठाऊक नाही. दुपारी मी डब्यातली भाकरी पुढे केली की म्हणायचे, "तुम्ही नसत्या तर मी काय केलं असतं बाई." माझी भाकरी मी तशीच घरी परत न्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची रांग राहिली. त्यांनी पेटीच्या दोरीला हात घातला आणि मी म्हटलं, "भाऊ, थांबा. नका उघडू. त्या शिश्या नाहीत."

"काहून?"

"मी यादीत घातल्या. निरुपयोगी म्हणून. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. कबाडी घेऊन गेला."

त्यांनी दोरी सोडली नाही. धरूनच खाली बसले. मला वाटलं आता शिव्या देतील, बापाचं नाव काढतील, आणि मला ते हवं होतं. खरंच हवं होतं. त्यांनी रुमाल खाली केला.

"तुम्हाले धूळ दिसली, बाई. मले बी डागच दिसला होता." मग विचारलं, "पोट्टीच्या टाचेतली काचही त्यातच गेली का?"

मी हो म्हणाले आणि तिथेच पेटीवर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

कबाडी गुढियारीचाच निघाला, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचा. आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. भाऊंनी समजावून सांगितलं, छोट्या शिश्या, बुचाच्या, चिठ्ठ्या लावलेल्या. त्याला आठवल्या. चिठ्ठ्या होत्या म्हणून आठवल्या, पण शिश्या तर आम्ही धुऊन विकतो म्हणाला. "हव भैया, आए रिहिस. सीसी ल तो धो के बेच देथन."

"धो के पानी कहाँ डालते हो?" भाऊंनी विचारलं.

त्याने नुसतं बोट दाखवलं. दुकानासमोरची उघडी नाली. त्यात काळं पाणी, पॉलिथिनच्या पिशव्या आणि एक चप्पल. भाऊ नालीच्या काठाशी गेले आणि वाकून बघत राहिले. येणारे जाणारे विचारायला लागले की काही पडलं का काकाजी, पैसे पडले का. मी त्यांचा हात धरून त्यांना घरी नेलं.

डॉ. नलिनी गेल्या. जाताना भाऊंना नमस्कार करून गेल्या. सरांनी नंतर तो विषय सोडला, त्यांना दुसरीकडे मोठी जागा मिळाली. वाद मिटला नाही, नुसता थांबला. पोट्टं आता नवा रायपूरच्या इमारतीत एका खणात आहे, आणि त्याच्यापुढे लिहिलं आहे की ते नेमकं कसं होतं हे सांगता येत नाही.

डॉ. नलिनींचा शेवटचा लेख आला तेव्हा त्याची प्रत घेऊन मी गुढियारीला गेले. वहिनी आदल्या वर्षी वारल्या होत्या. घरात भाऊ, मुलगा आणि सून. मुलगा कामावर. दारात पाऊल टाकलं आणि मी थबकले. ज्या घरात खांबाला हात लावला तरी बोट स्वच्छ राहायचं, त्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात धूळ. सून बिचारी ओशाळली. ती मराठीच घरातली, पण हिंदीतच बोलते. "दीदी, बाबूजी झाड़ू लगाने ही नहीं देते. पोंछा तो हाथ से छीन लेते हैं."

भाऊ खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याला बटण नाही. मला पाहून म्हणाले, "लेख आला का? त्यात माझं काही आहे का?"

"एक वाक्य आहे."

"वाचा."

मी इंग्रजीतून वाचलं. "आता मराठीत सांगा," म्हणाले. मी शब्द शोधायला लागले. म्हटलं, असं लिहिलंय की, साफ करताना थोडा भाग राहिला नाही. त्यांनी मान हलवली.

"नीट सांगा बाई. जसं आहे तसं."

"'साफ करताना नमुन्याचं कायमचं नुकसान झालं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता सुटणार नाही.'"

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. पस्तीस वर्षं हाडं मोकळी केली त्यांनी. किती जण त्यावर डॉक्टर झाले, किती जणांचे फोटो आले. आणि त्यांच्याबद्दल विज्ञानात जे काही लिहून ठेवलेलं आहे ते एवढंच. मला इतका राग आला की तो लेख फाडून टाकावासा वाटला. भाऊ म्हणाले, "खरंच आहे ते."

मी निघाले. उन्हं उतरली होती, दिवाबत्तीच्या आत सुनेला निदान ओसरी तरी झाडायची होती. तिने घाईघाईने केर काढला आणि सुपलीत भरला. केराचा आवाज ऐकून भाऊ खाटेवरून उठले.

"थांब वं पोरी. नको फेकू."

ती सुपली घेऊन तशीच उभी राहिली. तिला सवय झाली असावी. भाऊंनी सुपली तिच्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली आणि पुढ्यात उकिडवे बसले, पहिल्या दिवशी बसले होते तसेच. बोटाच्या टोकाने केर वेगळा करायला लागले. केस, कांद्याचं साल, तांदळाचे दाणे, माती. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून ते एकेक गोष्ट पाहत होते.

"बाई, तुमची नजर चांगली आहे," ते म्हणाले. "पाहा बरं, यात काही आहे का?"

मी पर्स बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. पाहिलं. "काही नाही भाऊ."

"नीट पाहिलं?"

त्यानंतर ते मला भेटले नाहीत, दिवाळीच्या आधीच गेले. त्या संध्याकाळी मात्र मी नीट पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांना कळलं होतं. म्हणून मी श्वासाने केर उडू नये असा तोंडावर पदर धरला आणि पुन्हा वाकले.